मेरी जेन रॅथबन

मेरी जेन रॅथबन (११ जून १८६०, बफेलो, न्यूयॉर्क – ४ एप्रिल १९४३, वॉशिंग्टन, डी. सी.) या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ होत्या. खेकडे, कोळंबी, शेवंड यांसारख्या कवचधारी प्राण्यांच्या वर्गीकरणाचा त्यांनी सुमारे सहा दशके अभ्यास केला. महाविद्यालयीन शिक्षण न घेता त्या स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय संग्रहालयात कारकून म्हणून लागल्या आणि पुढे तेथील कवचधारी प्राणी विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांनी १,१४७ नव्या जाती व उपजाती आणि ६३ नव्या प्रजाती यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. जगातील गोड्या पाण्यातील खेकड्यांवर त्यांनी १९०४ ते १९०६ या काळात लिहिलेला तीन भागांचा ग्रंथ या विषयाचा पाया मानला जातो. सह्याद्रीत व दख्खनमध्ये आढळणारे अनेक खेकडे ज्या कुलात मोडतात, त्या गेकार्सिन्युसिडी कुलाच्या नावापुढे आजही रॅथबन, १९०४ अशी नोंद केली जाते.

जन्म आणि बालपण

मेरी रॅथबन यांचा जन्म अमेरिकेतील बफेलो शहरात झाला. चार्ल्स रॅथबन आणि जेन फ्युरी यांच्या पाच अपत्यांपैकी त्या सर्वांत धाकट्या होत्या. त्या एक वर्षाच्या असताना आईचे निधन झाले आणि त्यांचे संगोपन घरातील एका वृद्ध दाईने केले. वडिलांच्या मालकीच्या दगडाच्या खाणी होत्या. त्या खाणींत सापडणाऱ्या जीवाश्मांमुळे मेरी यांचे थोरले बंधू रिचर्ड यांना निसर्गविज्ञानाची ओढ लागली आणि बंधूंमुळे ती मेरी यांच्यापर्यंत पोहोचली.

मेरी यांनी १८७८ साली बफेलो येथील सेंट्रल हायस्कूलमधून शालेय शिक्षण पूर्ण केले. त्यांचे औपचारिक शिक्षण तेथेच थांबले. त्या काळी अमेरिकेत स्त्रियांसाठी उच्च शिक्षणाची दारे नुकती किलकिली होऊ लागली होती आणि विज्ञानातील पगारी पदे स्त्रियांना क्वचितच मिळत. पुढील काळात मिळवलेले सर्व शास्त्रीय ज्ञान त्यांनी प्रत्यक्ष नमुने हाताळून आणि ग्रंथ वाचून आत्मसात केले.

वुड्स होल येथील सुरुवात

रिचर्ड रॅथबन हे अमेरिकेच्या मत्स्य आयोगात काम करीत होते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुड्स होल या किनारी गावी आयोगाचे उन्हाळी संशोधन चाले. १८८१ साली मेरी आपल्या बंधूंसोबत तेथे गेल्या. समुद्र त्यांनी प्रथमच पाहिला तो या वेळी. प्राणिशास्त्रज्ञ ॲडिसन व्हेरिल यांच्या देखरेखीखाली समुद्रातून काढलेल्या प्राण्यांची वर्गवारी चालू होती. व्हेरिल यांचे सहकारी सिडनी स्मिथ हे कवचधारी प्राण्यांचे अभ्यासक होते. त्यांचे नमुने वेगळे करणे, बाटल्यांना चिठ्ठ्या लावणे आणि नोंदवहीत नोंदी करणे हे काम मेरी यांच्याकडे आले. खेकड्यांशी त्यांचा संबंध येथून सुरू झाला आणि तो अखेरपर्यंत टिकला.

पहिली काही वर्षे त्यांनी हे काम बहुतांशी विनावेतन केले. मत्स्य आयोगाचे प्रमुख आणि स्मिथसोनियन संस्थेचे सचिव स्पेन्सर बेअर्ड यांनी त्यांच्या कामाची दखल घेतली. त्यांच्या पाठिंब्यामुळे मेरी यांना वेतन मिळू लागले आणि १८८६ साली त्या वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयाच्या सागरी अपृष्ठवंशी प्राणी विभागात रुजू झाल्या. त्यांची नेमणूक नक्कल करणाऱ्या कारकुनाच्या पदावर होती.

राष्ट्रीय संग्रहालयातील कार्य

या विभागाचे अभिरक्षक रिचर्ड रॅथबन हेच होते, परंतु मत्स्य आयोगाच्या कामामुळे त्यांना संग्रहालयासाठी फारसा वेळ मिळत नसे. परिणामी रोजचे काम मेरी यांच्यावर येऊन पडले. मत्स्य आयोगाच्या ॲल्बट्रॉस या संशोधन जहाजाने खोल समुद्रातून गोळा केलेले नमुने त्या काळात मोठ्या संख्येने वॉशिंग्टनला येत होते. नमुना कोठे, केव्हा, किती खोलीवर आणि कोणाला मिळाला याची नीट नोंद झाली नाही, तर पुढे त्याचा शास्त्रीय उपयोग उरत नाही. मेरी रॅथबन यांनी नोंदींच्या या कामाला शिस्त लावली.

त्यांचा पहिला शोधनिबंध १८९१ साली जेम्स बेनेडिक्ट यांच्यासमवेत प्रसिद्ध झाला. तो पॅनोपियस या सागरी खेकड्यांच्या प्रजातीविषयी होता. येथे प्रजाती म्हणजे निकटच्या जातींचा गट होय. १८९६ साली त्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर विपुल मिळणाऱ्या निळ्या खेकड्याला कॅलिनेक्टिस सॅपिडस हे नाव दिले. त्यांपैकी कॅलिनेक्टिस हे प्रजातीचे नाव आधीपासून रूढ होते व त्याचा अर्थ सुंदर पोहणारा असा आहे. सॅपिडस म्हणजे चविष्ट, आणि हे जातिनाम रॅथबन यांचे आहे. चेसापीक उपसागरातील मासेमारीचा मोठा आधार असलेला हा खेकडा आजही याच नावाने ओळखला जातो.

एकाच प्राण्याला निरनिराळ्या देशांत निरनिराळी शास्त्रीय नावे दिली जात असल्याने त्या काळी मोठा गोंधळ होता. १८९७ साली रॅथबन यांनी खेकड्यांच्या नामकरणाची तपासणी करणारा निबंध लिहिला. नावांच्या अग्रक्रमाचा नियम त्यांनी काटेकोरपणे लावला. त्यामुळे काही रूढ नावे बदलावी लागली, तरी नावांना निश्चित आधार मिळाला.

गोड्या पाण्यातील खेकड्यांचा प्रश्न

समुद्रातील बहुतेक खेकड्यांच्या अंड्यांतून सूक्ष्म डिंभ बाहेर पडतात. ते प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जातात. त्यामुळे सागरी खेकड्याची एकच जाती विस्तीर्ण प्रदेशात पसरलेली असू शकते. कायमचे गोड्या पाण्यात राहणारे खेकडे याला अपवाद आहेत. त्यांची अंडी मोठी व संख्येने कमी असतात आणि त्यांतून थेट पिल्ले बाहेर येतात. मादी अंडी व पिल्ले पोटाखाली बाळगते. पिल्ले स्वतंत्र झाल्यावरही त्याच ओढ्याच्या आसपास वाढतात. डोंगराची रांग किंवा कोरडा प्रदेश त्यांना सहज ओलांडता येत नाही, आणि समुद्र तर त्यांच्यासाठी भिंतच ठरतो. म्हणून शेजारच्या दोन खोऱ्यांतही वेगळ्या जाती आढळू शकतात आणि एखादी जाती एका डोंगरापुरती मर्यादित असू शकते.

हे खेकडे ओढे, नद्या, पाणथळ शेते, दलदल आणि काही ठिकाणी झाडांच्या ढोलीतही राहतात. कुजणारा पालापाचोळा, मृत प्राणी, किडे व गोगलगायी हे त्यांचे अन्न होय. मासे, पाणमांजरे व पक्षी त्यांना खातात. अशा रीतीने पाण्यातील अन्नसाखळीत त्यांना मध्यवर्ती स्थान आहे. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्याविषयीची माहिती अनेक भाषांतील विखुरलेल्या निबंधांत आणि युरोप, अमेरिका व आशियातील संग्रहालयांच्या कपाटांत अडकून पडली होती. दिसायला हे खेकडे एकमेकांसारखे असतात, त्यामुळे त्यांतील फरक ठरवणे विशेष अवघड होते.

रॅथबन यांनी १८९३ साली अमेरिकेतील गोड्या पाण्यातील खेकड्यांच्या नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध केली. १८९८ साली त्यांनी मध्य व दक्षिण अमेरिकेतील स्यूडोथेल्फ्युसा गटाचा विस्तृत आढावा घेतला. या अभ्यासातून जगातील सर्व ज्ञात जातींची एकत्र मांडणी करण्याचा मोठा प्रकल्प उभा राहिला.

ले क्राब दो दूस

गोड्या पाण्यातील खेकडे असा अर्थ असलेल्या ले क्राब दो दूस या शीर्षकाचा रॅथबन यांचा ग्रंथ पॅरिसच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या नियतकालिकातून फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला. मूळ योजना एकाच प्रकाशनाची होती, परंतु प्रत्यक्षात तो १९०४, १९०५ आणि १९०६ असा तीन भागांत निघाला. तीनशेहून अधिक पानांच्या या ग्रंथात जगभरातील त्या वेळी ज्ञात असलेल्या जातींची वर्णने, त्यांची प्राप्तिस्थाने आणि चित्रफलक आहेत. जाती ओळखण्यासाठी त्यांनी कवचाची ठेवण, कपाळाची कड आणि तोंडाजवळील अवयवांची रचना यांचा आधार घेतला.

या ग्रंथात त्यांनी गोड्या पाण्यातील खेकड्यांची उपकुलांत विभागणी केली. त्यांपैकी गेकार्सिन्युसिनी या उपकुलाला पुढे स्वतंत्र कुलाचा दर्जा मिळाला. प्राणिनामशास्त्राच्या नियमानुसार दर्जा बदलला तरी कुलनामाचे मूळ कर्तृत्व बदलत नाही, म्हणून गेकार्सिन्युसिडी कुलाचे कर्तृत्व रॅथबन यांच्याकडेच राहिले.

भारताशी संबंध

रॅथबन यांच्या या उपकुलाचे नाव गेकार्सिन्युकस या प्रजातीवरून पडले आहे आणि या प्रजातीचा इतिहास पश्चिम भारताशी निगडित आहे. फ्रेंच निसर्गसंशोधक व्हिक्टर जाकमाँ यांनी भारतात फिरून वनस्पती व प्राण्यांचे नमुने जमवले आणि १८३२ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या संग्रहातील एका खेकड्याचे वर्णन आंरी मिल्न-एडवर्ड्स यांनी १८४४ साली गेकार्सिन्युकस जाकमाँटी या नावाने प्रसिद्ध केले. ही जाती महाराष्ट्रात आढळते. दख्खनच्या पठारावरील परिचित खेकडा बॅरिटेल्फ्युसा क्युनिक्युलॅरिस हाही याच कुलातील आहे. पावसाळ्याच्या आरंभी शेताच्या बांधांवर व ओढ्याकाठी बाहेर पडणारे खेकडे, ज्यांना कोकणात मुठे म्हणतात, ते ग्रामीण आहाराचा परिचित भाग आहेत. अशा परिचित प्राण्यांचे जागतिक वर्गीकरणातील स्थान ठरवण्याच्या कामात रॅथबन यांच्या ग्रंथाचा मोठा वाटा आहे.

मुंबईत जन्मलेले आणि कलकत्त्याच्या भारतीय संग्रहालयाचे अधीक्षक राहिलेले आल्फ्रेड अल्कॉक यांनी १९१० साली भारतातील गोड्या पाण्यातील खेकड्यांची सूची प्रसिद्ध केली. जबड्याला जोडलेल्या स्पर्शकाची रचना हे लक्षण त्यांनी निर्णायक मानले. त्यांनी गेकार्सिन्युसिनी हे नाव कायम ठेवले, पण त्याची व्याप्ती बदलली. रॅथबन यांची मांडणी उपलब्ध असल्यामुळेच तिच्याशी तुलना करून अशी दुरुस्ती करणे शक्य झाले.

हिंदी महासागरातील प्राण्यांशीही रॅथबन यांचा संबंध आला. पर्सी स्लेडन न्यासाच्या हिंदी महासागरातील मोहिमेत मिळालेल्या सागरी खेकड्यांवरील त्यांचा अहवाल १९११ साली प्रसिद्ध झाला.

पदत्याग

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत रॅथबन या साहाय्यक अभिरक्षक म्हणून कवचधारी प्राणी विभागाचा कारभार पाहत होत्या. संग्रह वाढत होता. तो सांभाळण्यासाठी आणि पुढे अभ्यास चालू ठेवण्यासाठी आणखी एका प्रशिक्षित व्यक्तीची गरज होती, परंतु नव्या पदासाठी निधी नव्हता. १९१४ च्या अखेरीस, वयाच्या ५४ व्या वर्षी, रॅथबन यांनी स्वतःचे पद सोडले. त्यांच्या वेतनाची रक्कम वाल्डो श्मिट या तरुण प्राणिशास्त्रज्ञाच्या नेमणुकीसाठी वापरता यावी हा त्यामागील हेतू होता.

त्यांनी पद सोडले, काम मात्र सोडले नाही. मानद संशोधन सहयोगी या नात्याने त्या संग्रहालयात येत राहिल्या आणि पुढील सुमारे २८ वर्षे त्यांनी विनावेतन संशोधन केले. श्मिट यांनी हा विभाग पुढे नेला आणि ते स्वतः कवचधारी प्राण्यांचे ख्यातनाम अभ्यासक झाले.

उत्तरकालीन संशोधन

रॅथबन यांचे अमेरिका खंडातील सागरी खेकड्यांवरील चार मोठे प्रबंध पद सोडल्यानंतरच्या काळातील आहेत. ते १९१८, १९२५, १९३० आणि १९३७ साली राष्ट्रीय संग्रहालयाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. शेवटचा प्रबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांचे वय सुमारे ७७ वर्षांचे होते.

गोड्या पाण्यातील खेकड्यांकडेही त्या पुन्हा वळल्या. न्यूयॉर्कच्या अमेरिकन नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने १९०९ ते १९१५ या काळात काँगोमध्ये मोहीम काढली होती. तिच्यात जमवलेल्या खेकड्यांवरील रॅथबन यांचा निबंध १९२१ साली प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतील गोड्या पाण्यातील खेकड्यांच्या नंतरच्या अभ्यासात त्याचा वारंवार आधार घेतला गेला. जीवाश्म स्वरूपातील खेकड्यांचाही त्यांनी अभ्यास केला. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक उतारावरील जीवाश्मांवर १९२६ साली आणि अटलांटिक व आखाती किनारपट्टीतील जीवाश्मांवर १९३५ साली त्यांचे ग्रंथ निघाले. त्यांच्या प्रकाशनांची एकूण संख्या १६६ आहे.

पदवी नसलेल्या या संशोधिकेला पिट्सबर्ग विद्यापीठाने १९१६ साली सन्माननीय पदव्युत्तर पदवी दिली. १९१७ साली त्यांना जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी अमेरिकन रेड क्रॉससाठीही काम केले.

व्यक्तिमत्त्व

रॅथबन यांची उंची जेमतेम १.३७ मीटर होती. त्या अविवाहित राहिल्या. शांत स्वभाव, चिकाटी आणि मिस्कील विनोदबुद्धी यांसाठी त्या सहकाऱ्यांत परिचित होत्या. मोठ्या मोहिमांवर जाण्याऐवजी इतरांनी आणलेल्या नमुन्यांवर संग्रहालयात बसून काम करणे हेच त्यांच्या संशोधनाचे स्वरूप राहिले.

निधन

कमरेचे हाड मोडल्यानंतर उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे ४ एप्रिल १९४३ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्या ८२ वर्षांच्या होत्या. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी संस्थेला दिला होता. त्याशिवाय दशपाद, म्हणजे दहा पायांच्या कवचधारी प्राण्यांच्या अभ्यासासाठी त्यांनी मृत्युपत्राद्वारे स्मिथसोनियन संस्थेला १०,००० डॉलर ठेवले.

मूल्यमापन

रॅथबन यांच्या वर्गीकरणात पुढे पुष्कळ बदल झाले. कवच व तोंडाचे अवयव राहणीमानानुसार बदलू शकतात, त्यामुळे दूरच्या गटांतही ते सारखे दिसू शकतात. जर्मन अभ्यासक रिचर्ड बॉट यांनी १९५५ ते १९७० या काळातील ग्रंथांत नर खेकड्यांच्या जननांगांच्या रचनेला अधिक महत्त्व दिले. त्यानंतर जनुकीय अभ्यासामुळे कुलांच्या सीमा पुन्हा तपासल्या गेल्या. रॅथबन यांच्या काही जाती आधीच वर्णन झालेल्या ठरल्या, तर काही वेगळ्या प्रजातींत हलवल्या गेल्या. तथापि त्यांनी वापरलेले मूळ नमुने आणि त्यांच्या स्थळनोंदी आजही तपासता येतात, आणि नवी जाती जाहीर करण्यापूर्वी अभ्यासकांना जुन्या नमुन्यांशी तुलना करावीच लागते.

अचूक ओळखीला व्यावहारिक महत्त्वही आहे. आशिया, आफ्रिका व अमेरिकेच्या काही भागांत गोड्या पाण्यातील खेकडे फुफ्फुसातील पर्णकृमीचे वाहक असतात आणि कच्चे किंवा अर्धवट शिजवलेले खेकडे खाल्ल्याने माणसाला त्याची बाधा होते. पूर्व आफ्रिकेत नदी-अंधत्व पसरवणाऱ्या एका काळ्या माशीच्या अळ्या नदीतील खेकड्यांच्या अंगाला चिकटून वाढतात, हे पुढे उघड झाले. अशा वेळी कोणत्या ओढ्यात कोणती जाती राहते ही माहिती वैद्यकालाही आवश्यक ठरते.

संवर्धनाच्या दृष्टीने रॅथबन यांच्या कामाचे महत्त्व विशेष आहे. धरणे, जंगलतोड, ओढ्यांत साचणारा गाळ, सांडपाणी आणि शेतीतील रसायने यांमुळे लहान क्षेत्रापुरत्या मर्यादित असलेल्या जाती लवकर धोक्यात येतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या जागतिक आढाव्यात आययूसीएनच्या निकषांनुसार गोड्या पाण्यातील खेकड्यांच्या १,२८० जातींची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी सुमारे एक षष्ठांश जाती वाढत्या धोक्यात असल्याचे आणि जवळपास निम्म्या जातींविषयी निर्णयापुरतीही माहिती नसल्याचे दिसून आले. भारतात आज शंभरहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि पश्चिम घाटातून नव्या जातींची भर पडत आहे. २०१४ साली वर्णन झालेली घाटियाना ही प्रजाती त्यांपैकीच असून तिचा समावेश रॅथबन यांनी नाव दिलेल्या गेकार्सिन्युसिडी कुलात होतो.

नाव व ठिकाण निश्चित नसलेल्या प्राण्याची गणना धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत होऊ शकत नाही. गोड्या पाण्यातील खेकड्यांची ही गणना ज्या नोंदींच्या आधारे सुरू झाली, त्यांतील मोठा भाग रॅथबन यांच्या कामातून आलेला आहे.